पदराखालचं दुखणं

चिंचवड,
२ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप दादांस,

सोजराचा नमस्कार. वहिनींनाही सांगा, मुलांचे पापे घ्या. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढे वाचाल तेव्हा काय ते कळेलच.

पत्ता पाहून बुचकळ्यात पडला असाल. दिवाळीनंतर आम्ही निघोजे सोडलं. ह्यांना पिंपरीच्या एका कारखान्यात काम लागलं, म्हणून इथे चिंचवडला स्टेशनापलीकडे दोन खोल्या घेतल्या आहेत. सासूबाईही आमच्याजवळच असतात. खोलीत विजेचा दिवा आहे. सासूबाई तो लागला की हात जोडतात आणि गेला की त्याच्या सात पिढ्या उद्धारतात. शेजारी जहीरभाई म्हणून आहेत, मोटारी दुरुस्त करतात. त्यांची बायको गौहर माझ्याच वयाची आहे. तिच्याशी माझं चांगलं जमतं. धुणं घेऊन आम्ही दोघी पवनेवर जातो. जायचो, असं लिहायला हवं. हल्ली मला जमत नाही.

दादा, तुम्ही निघोज्याहून रागाने गेलात त्याला दोन वर्षं होतील. माझ्या पाठीवरचे वळ तुम्ही पाहिलेत, ह्यांना जाब विचारलात, आणि ह्यांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर मी पत्र लिहायला धजले नाही. आज लिहिते आहे ते गरज पडली म्हणून. स्वार्थी म्हणा हवं तर.

मला काहीतरी झालं आहे आणि काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. डोक्यावर दिवसभर कुणी पाटा ठेवल्यासारखं दडपण असतं. दुखतं असंही नाही, नुसतं दाबतं. संध्याकाळपर्यंत मान खाली जाते. मग डाव्या कानामागून मुंग्या सुरू होतात, त्या खांद्यावरून बोटांपर्यंत उतरतात, आणि थोड्या वेळाने मुंग्याही जाऊन नुसती बधिरता राहते. परवा भाकरी उलटताना डावा हात तव्याला टेकला. मला वास आला आधी. म्हटलं, भाकरी करपली की काय, बघते तर माझी बोटं. फोड आले, तरी दुखेना. मी तिथेच बसून राहिले, दादा. आपल्या आळीतल्या विमलबाईंना गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं, आठवतं ना? त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. चुलीशी हात भाजला आणि त्यांना कळलंच नव्हतं. त्या रोगाचं नावही मी लिहीत नाही.

उपाय पुष्कळ झाले. चाकणच्या वैद्यांनी पित्त सांगितलं आणि मोरावळा दिला. कारखान्याच्या दवाखान्यात रक्त कमी म्हणाले, बाटली दिली. एकाने चष्मा लावा म्हटलं. मी म्हटलं, चष्म्याने बोटं कशी जागी होणार? ह्यांनी देहूला नेऊन आणलं. सगळ्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. डोक्याचं दुखणं आणि डोकं कुणीच कसं पाहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. ते असो.

हे मला आता काही बोलत नाहीत, हो. हातही उगारत नाहीत. पाण्याचे हंडे स्वतः नळावरून आणतात. आणि सासूबाई मला 'अहो' म्हणतात. खोटं नाही लिहीत. त्याचं कारण पुन्हा कधीतरी.

तुमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई पुण्यात आहेत, असं मागे वहिनी म्हणाल्या होत्या. तुमच्या शाळासोबत्याची बहीण. त्यांना चार ओळी लिहून द्याल का? तो रोग असेल तर मला तो परक्याच्या तोंडून ऐकायचा आहे, घरच्यांच्या आधी. एवढं करा.

तुमची धाकटी बहीण,
सौ. सोजरा


चिंचवड,
१६ मार्च १९५८

तीर्थरूप दादांस,

नमस्कार. तुमची चिठ्ठी घेऊन आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. आधी चांगलं सांगते: तो रोग नाही. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावून सगळ्या हातापायांना कापूस लावला, टाचणी टोचली, पाठ-पोट उजेडात पाहिलं. डाव्या बाजूला मला कळत नव्हतं, पण कुठे चट्टा नाही, काही नाही. "विमलबाई मनातून काढून टाका," म्हणाल्या. मी त्यांना विमलबाईंचं सगळं सांगितलं होतं. बोलायला लागले की मला थांबता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

तेवढं सांगितलं आणि जे सांगायचं तेच नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता पदर काढा. मान बघू द्या." मी पदर घट्ट धरला. हे खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बाई, डोक्याला हात लावायचा न्हाई. आमच्यात चालत न्हाई." त्यांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "डोकं दाखवल्याशिवाय मी काही सांगणार नाही आणि औषधही देणार नाही. तयारी झाली की या." आम्ही उठून आलो. गाडीत हे म्हणाले, "भली मोठी डॉक्टरीण!" पण त्यांचा आवाज घाबरलेला होता.

दादा, माझ्या डोक्यात जट आहे.

लिहून टाकलं. आता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. जत्रेत देवऋष्याला चार माणसांत उघडं पाडणारे तुम्ही, आणि तुमच्याच बहिणीच्या डोक्यावर हे. म्हणून तर लपवलं.

मागच्या साली निघोज्याला मला मुदतीचा ताप आला होता, तेही तुम्हाला कळवलं नव्हतं. कितीतरी दिवस मी अंथरुणात होते. आजाऱ्याच्या केसांना फणी लावत नाहीत, त्यामुळे केस तसेच राहिले. ताप उतरला तेव्हा मागच्या बाजूला एक गोळा झाला होता. मी तेलाची वाटी घेऊन तो सोडवत बसले होते. अर्ध्या तासात सुटलाही असता. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी पाहिलं, माझ्या हातातली फणी काढून घेतली आणि दारातच आडव्या झाल्या. "आई आली! माझ्या घरात आई आली!" मला आधी कळेचना कोणाची आई आली. त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं, दादा. ज्या बाईने मला आपल्या शेजारी बसून कधी जेवू दिलं नव्हतं, तिने.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की हे तापाने झालं आहे. तोंड उघडलंही होतं. पण मागे हे उभे होते आणि ह्यांनी हात जोडले होते. ते हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून मला कुणी मारलेलं नाही. ह्यांचं अंथरूण वेगळं झालं. मंगळवारी-शुक्रवारी बाया येतात, खण-नारळ ठेवतात, जटेवर तेल ओततात, भंडारा लावतात. सासूबाईंनी तिला कवड्या बांधल्या, चांदीची घुंगरं बांधली. इथे आलो तर इथेही बातमी पोचली. जट वाढत गेली, सगळे केस ओढून घेतले तिने. वर तेल, भंडारा, धूळ. आता ती कमरेच्या खाली जाते आणि दगडासारखी झाली आहे. दिवसा मी ती गुंडाळून डोक्यावर बांधते, कारण मागे सोडली तर मान मागे ओढली जाते.

डोकं दाबतं असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सासूबाई आनंदल्या. म्हणाल्या, "आई बसलीया तुमच्या डोक्यावर. वजन तर लागणारच की ओ!" मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? एवढ्या बाया रोज पाया पडायला लागल्या की आपल्यालाही वाटायला लागतं. मग दडपण वाढलं तसं त्यांनी आणखी तेल ओतलं, आईला शांत करायला.

हे दुष्ट नाहीत. मला मुद्दाम हे लिहायचं आहे. आईला भिणारा माणूस आहे, मग ती घरातली आई असो की देवळातली. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला एकतर मारलं नाहीतर नमस्कार केला. मधलं काही त्यांना जमलंच नाही.

आता काय करू ते सांगा. पण नीट विचार करून सांगा.

सौ. सोजरा


चिंचवड,
२० एप्रिल १९५८

दादा,

तुमचं उत्तर आलं होतं. "ताबडतोब कापून टाक, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे." एवढंच, खाली दोन रेघा मारलेल्या. रागावू नका, पण ते वाचून मला तुमचा वर्ग आठवला. फळ्यावर गणित चुकलं की तुम्ही असेच रेघा मारता. कापल्यावर माझं काय होईल, हे तुम्ही विचारलंच नाहीत. ती जट तुम्हाला अंधश्रद्धा दिसली. मला ती भिंत होती, तिच्या आड मी वर्षभर निवांत झोपले.

तरी मी कापली. तुमच्या पत्रामुळे नाही. झालं असं, की गौहरचं तान्हं माझ्याकडे होतं. ती पाणी भरत होती. मी बाळाला डाव्या हातावर घेऊन बसले होते आणि ते हातावरून घसरत चाललेलं मला कळलंच नाही. गौहर ओरडली म्हणून मी दुसऱ्या हाताने धरलं. बाळाला काही झालं नाही. पण गौहरने बाळ उचलून छातीशी घट्ट धरलं, तेव्हा मला फार लागलं. थोड्या वेळाने तीच परत आली. म्हणाली, "बाई, अल्लाकसम, मला तुझ्या देवीचं काय कळत न्हाई. पन हा हात असाच गेला तर? उद्या दुसरा गेला तर? तुला घास कोन भरवनार?"

घरात कापायला कोण होतं? न्हाव्याने डोक्याला पाय लावून पळ काढला असता. गौहर म्हणाली मी कापते. मी तिला नको म्हटलं. उद्या काही झालं असतं तर सगळ्यांनी तिच्यावर आणि जहीरभाईंवर ढकललं असतं. मग ती म्हणाली, "मग पुन्याला चल. मी येते सोबत." सासूबाई लग्नाला मोशीला गेल्या होत्या, हे पहिल्या पाळीला होते. आम्ही दोघी गाडीने गेलो. ती आली होती हे फक्त तुम्हाला सांगते आहे. इथे सगळ्यांना मी एकटी गेले असंच ठाऊक आहे आणि तेच राहू दे.

डॉक्टरीणबाईंसमोर मी स्वतः पदर काढला. बाई उठून माझ्या मागे आल्या. जट दोन्ही हातांत उचलून धरली, बस्स, नुसती उचलून धरली. आणि दादा, डोक्यावरचं दडपण गेलं. इतके वैद्य, इतक्या बाटल्या, आणि कुणीतरी दोन हातांनी ती उचलायची तेवढी बाकी होती. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "कळलं ना?" मी मान हलवली.

मग मानेचा फोटो काढायला पाठवलं. तो पाहून त्यांनी मला समजेल असं सांगितलं, की वर्षभर हे ओझं वाहून मानेचे मणके एकमेकांवर दबले आहेत, आणि त्यांच्यामधून हाताकडे जाणाऱ्या शिरा आवळल्या आहेत. त्यात मी निघोज्याला त्याच डोक्यावर हंडेही वाहत होते. "दडपण आज जाईल. हाताचं मी वचन देत नाही. येईल, पण सावकाश, आणि पूर्ण येईलच असं नाही. आणखी वर्षभर ठेवली असती तर आलाच नसता."

कापायला कात्री चालेना. नर्सने मोठी कात्री आणली, तिनेही दम घेत घेत कापलं. आत सगळीकडे जखमा होत्या. आणि अगदी मुळाशी माझा एक आकडा सापडला, गंजलेला. तापाच्या आधी मी अंबाडा घातला असेन, त्यातला. नर्सने तो ताटलीत टाकला. बाकीचे केसही काढावे लागले, जखमांसाठी. शेवटचा भाग सुटला तेव्हा माझी मान आपोआप वर गेली आणि मी मागे पडते की काय असं वाटलं. गौहरने पाठीला हात लावला.

जट त्या फेकणार होत्या. मी फडक्यात बांधून मागितली. पवनेत सोडणार होते. इतके दिवस तिने मला सांभाळलं, तिला कचऱ्यात टाकवेना. ही माझी चूक झाली म्हणा.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले आणि आढ्याकडे बघत राहिले, जणू आत्ता छप्पर कोसळणार. दुसऱ्या दिवशी सासूबाई मोशीहून आल्या. माझ्या डोक्याकडे पाहून त्यांनी ऊर बडवला. "माझा ल्योक जित्ता असताना डोकं बोडलंस गं! माझ्या ल्योकाच्या मुळावर उठलीस!" 'अहो' गेलं ते त्याच क्षणी. फडकं त्यांनी माझ्या हातातून हिसकावून घेतलं. जट देव्हाऱ्यात पाटावर ठेवली, नवा खण पांघरला, हळद-कुंकू वाहिलं, माफी मागितली.

मंगळवारी बाया आल्या. मला वाटलं परत जातील. कुठल्या जातात! सगळ्या देव्हाऱ्यासमोर बसल्या, तेल ओतलं, खण-नारळ ठेवले. मी पाणी घेऊन मधून जात होते, तर पलीकडच्या खोलीतल्या सोपानरावांची बायको म्हणाली, "बाई, जरा बाजूला सरक. आई दिसत न्हाई." मी सरकले. हसू आलं, खरंच. वर्षभर त्या माझ्याच पाया पडतात असं मला वाटत होतं.

हे मात्र आठ दिवस माझ्याशी जपून वागले. कामावरून आले की आधी दारातून आत डोकावायचे, सगळं जागेवर आहे का बघायचे. काहीच झालं नाही. ना कुणी आजारी पडलं, ना कामावरून काढलं. मग देवी काही करत नाही, हे त्यांना कळलं. मला त्याच दिवसाची भीती होती. काल ते जेवायला बसले होते. माझा डावा हात अजून नीट चालत नाही, भाकरी थापताना चिरते. अर्धी भाकरी चुलीत पडली. ते ताटावरून उठले आणि त्यांनी मला मारलं.

डाव्या कानाखाली बसली. आणि दादा, ती मला लागली. जिथे कापूस कळत नव्हता, टाचणी कळत नव्हती, तिथे पाची बोटं लागली. कान तापला, डोळ्यांतून पाणी आलं. मी गालाला हात लावून उभी राहिले. सासूबाई देव्हाऱ्याकडे तोंड करून जपमाळ ओढत होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं का, तर वाटलं, फार वाटलं. पण त्याच्या आधी एक क्षण मला बरं वाटलं, की माझं अंग परत आलं आहे. आणि ज्या अंगाला सगळं कळतं ते घेऊन या घरात राहता येणार नाही, हे मला तिथेच समजलं.

आज सकाळी मी ह्यांना सांगितलं, की मी दादाकडे जाते. चोरून जायचं नव्हतं. ते म्हणाले, "जा. पन ती हितंच राहील." मी विचारलं, "कोण?" त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, राहू द्या.

त्यांना जी हवी होती ती त्यांच्याजवळ आहे. तिला भाकरी थापावी लागत नाही आणि तिला मारलेलं लागत नाही.

बुधवारी सकाळी नाशिक रस्त्याच्या एस.टी.ने निघते. न्यायला येऊ नका, दारात पुन्हा शब्दाने शब्द वाढेल. थांब्यावर मात्र या, कारण एका हाताने ट्रंक उतरवणं मला जमणार नाही. आल्यावर मला काही समजावून सांगायचं नाही, अंधश्रद्धेवर तर एक अक्षरही नाही. मला शिवणाच्या वर्गात घालता येईल का ते तेवढं बघून ठेवा, हात बरा झाला की. नाही झाला तर दुसरं काहीतरी बघू.

आणि वहिनींना सांगा, थोडं खोबरेल कोमट करून ठेवा. जखमा भरल्या आहेत, बारीक केस आले आहेत. वर्षभर माझ्या डोक्यावर लोकांनी पुष्कळ तेल ओतलं, पण डोक्याला कुणाचा हात लागला नाही.

तुमची,
सोजरा